लिंबाखालच्या भाकरी

घरातली पहिली पदवी माझी. चित्रकला शिकले ती मायच्या मजुरीवर. परभणीच्या प्रदर्शनासाठी मी फाल्गुनातलं रान रंगवलं होतं. अर्धी ज्वारी काढलेली, अर्धी उभी, बांधावर नवी पालवी फुटलेला लिंब. मायनं सोबत यावं अशी माझी फार इच्छा होती, पण ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?"

निघायच्या आदल्या दिवशी ती चित्रापुढं उभी राहिली. "अर्धं रान टाकून बाया कुठं गेल्या गं?"

चित्रात माणूसच नव्हतं. मी घाईनं म्हणाले, "जेवायला."

"मग भाकरी कुठंयत? लय शिकलीस बाई, पर बायांना उपाशी ठेवलंस!"

तयार चित्राला हात लावायची भीती वाटत होती. तरी मी लिंबाखाली लाल फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या. शेजारी घागर काढायला ब्रश टेकवणार, तोच मायनं माझा हात धरला.

"घागर नको. पाण्याला गेल्यात त्या, येतीलच आता."

मग पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, "उद्या गाडी किती वाजता हाय?"