मागे ठेवलेली अर्धी भाकर

"बसा जी, वाढतो."

मावशींचं हे वाक्य, वऱ्हाडी बायकांच्या बोलीतल्या त्या 'वाढतो'सकट, आमच्या आश्रमात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकू यायचं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांचा हा आश्रम होता. मी तिथे औषधं द्यायला होतो, मावशी स्वयंपाकाला. तिथली बरीच माणसं सगळं विसरलेली. घरचे त्याला म्हातारचळ म्हणत आणि आणून सोडत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हात धुतला की जेवल्याचं विसरतात, आणि जेवायला दिलं नाही म्हणून रडतात.

मावशी त्यांच्याशी वाद घालत नसत. पहिल्यांदा त्या अर्धीच भाकर वाढत. उरलेली अर्धी फडक्यात गुंडाळून ठेवत. कोणी उपाशी असल्याचं म्हणालं, की ती बाहेर निघे.

एकदा हे आमच्या वकीलसाहेबांच्या लक्षात आलं. बायकोचं नाव विसरलेला हा माणूस कोर्ट मात्र विसरला नव्हता.

"माझी अर्धी भाकर कुठे आहे?"

"तिची तारीख पडली जी. दुपारची."

वकीलसाहेबांनी मान डोलावली. तारीख त्यांना पटली.

मी एकदा म्हणालो, "मावशी, पण ते खरंच जेवलेत ना?"

त्या तापल्या. "भूक त्याईले लागून राहिली, तुमाले काय समजते? म्हाताऱ्या माणसाले खोटं नाई पाडाचं. बस्स!"

त्यांच्या हातात पळी होती. मी औषधांच्या खोलीकडे वळलो.

पुढे मावशी थकल्या आणि अकोल्याला मुलाकडे गेल्या. काही वर्षांनी औषधांच्या खरेदीला अकोल्यात गेलो, तेव्हा त्यांचं घर शोधत गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही.

"मले कोणी जेवाले देलं नाई," त्या हळूच म्हणाल्या.

आतून सून आली. वाईट नव्हती बिचारी, दमलेली होती. "आत्ताच तं जेवल्या जी! दिवसभर हेच. खोटं बोलतात."

मावशींनी चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली. ज्या बाईने कुणाला खोटं पाडलं नाही, तिच्या वाट्याला हे यावं!

"बसा जी मावशी, वाढतो," मी म्हणालो आणि सुनेकडून अर्धी भाकर मागून घेतली.

मावशींनी ती मोडली. मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

"तुमाले बी नाई देलं?"

मी स्टेशनाजवळ भरपेट जेवून आलो होतो.

"नाही मावशी," म्हणालो, आणि त्यांच्याशेजारी बसून जेवलो.