भोईरकाकांचा आवाज

नव्या माणसाला पहिल्या दिवशी भोईरकाका आधी फोर्कलिफ्टवर बसवायचे. गाडी बंद, किल्ली काकांच्या खिशात, आणि पुढच्या लोखंडी पात्यांवर पुरुषभर उंचीचा खोक्यांचा ढीग. बाकीच्यांना बाजूला उभं करून काका त्या ढिगापुढे जायचे आणि ओरडायचे, "मैं किधर है, बोल." बसलेला माणूस डावीकडून वाकून बघायचा, उजवीकडून वाकून बघायचा आणि शेवटी दिसत नाही म्हणून कबूल करायचा. मग काका बाहेर यायचे. "नहीं दिखता ना? तो मैं मर गया. उतर, दूसरा बैठेगा." वीस माणसं असली तर काका वीस वेळा मरायचे. सूट कुणालाच नव्हती. रुजू झाले त्या दिवशी मीसुद्धा नवा ड्रेस सावरत त्या सीटवर बसले होते, आणि हा म्हातारा आज माझा अख्खा दिवस खाणार, असं मनात म्हणत होते.

अख्खा नाही, पण अर्धा खाल्लाच. फोर्कलिफ्ट झाली की काका गोदामाची फेरी मारायला न्यायचे. आमचं गोदाम भिवंडीच्या बाहेर, हायवेच्या कडेला. कुणाच्या गाद्या, कुणाचे मिक्सर, कुणाची औषधं, असा दुसऱ्यांचा माल आम्ही ठेवतो आणि ट्रकांत भरून पाठवतो. एका टोकाकडून दुसरीकडे चालत जायचं तर दम लागतो. काका प्रत्येक गेटपाशी थांबायचे, जमिनीवरचे पिवळे पट्टे पायानं दाखवायचे, ट्रक कुठून मागे येतो ते दाखवायचे. "आधी जागा बघ, मग काम बघ," हे त्यांचं पालुपद. मी कंटाळून एकदा विचारलं की हे सगळं कागदावर लिहून दिलं तर नाही का चालणार. काका म्हणाले, "बाय, कागद हातात असतो. लागतं पायाला."

बाय म्हणजे मी. आगरी माणूस लेकीबाळींना बाय म्हणतो. हुद्द्यानं मी त्यांची साहेब होते, ट्रेनिंगची अधिकारी, पण चार दिवसांत मॅडमची बाय झाले ती कायमची. काका टेमघरचे. कामगार त्यांना चाचा म्हणत, ट्रकवाले भोईरशेठ म्हणत, आणि ओळखपत्रावर होतं 'फ्लोअर ट्रेनर'. या फ्लोअर ट्रेनरला ऑफिसात साधी खुर्ची नव्हती. हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं. तेही मला खुर्ची बदलून हवी होती म्हणून.

मग हेड ऑफिसला ई-लर्निंगची हुक्की आली. ज्यांचा माल आमच्याकडे असतो त्या कंपन्यांचे तपासनीस येत आणि विचारत, या माणसाला शिकवलंत याचा पुरावा काय? काकांची फेरी हा काही पुरावा नव्हता. तेव्हा संगणकावर कोर्स बनवायचं एखादं सॉफ्टवेअर घ्या, असा हुकूम आला, आणि ते निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हरखले. नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी मला काही निवडायला सांगितलं होतं.

तीन सॉफ्टवेअरवाले येऊन दाखवून गेले. पहिलं महाग आणि शिकायला किचकट, पण एकदा हातात बसलं की आपल्या ऑफिसात बसून कोर्स बनवा, हवा तेव्हा मोडा, पुन्हा बनवा. दुसरं आमच्या टॅबवर चाललंच नाही. तिसरं देखणं. वर्षाची वर्गणी भरायची, कोर्स त्यांचीच माणसं बनवून देणार, आणि कुणी किती शिकलं त्याचे हिरवे गोल पडद्यावर दिसणार. ते हिरवे गोल पाहून हेड ऑफिसच्या देशमुखसाहेबांचे डोळे लकाकले, ते मी पाहिलं.

काकांना मीच त्या बैठकीला बोलावलं होतं, शोभेला म्हणून. ते दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझा एकच सवाल हाय. गोदाम काय एका जागेवर राहत न्हाय. दिवाळीला रॅक हलतात, गिऱ्हाईक बदललं की गेट बदलतं, पट्टे नवे मारतात. मग आतलं कोण बदलणार? बाय हितं बसून बदलू शकंल?"

पहिलावाला हो म्हणाला. तिसरा हसून म्हणाला, "अंकल, आमच्याकडे रिक्वेस्ट पाठवायची, आमची टीम करेल." काकांनी माझ्याकडे बघितलं. "बाय, हे तुझ्या कागदात लिही."

माझा कागद म्हणजे गुणांचा तक्ता. दिसणं, भाषा, मोबाइलवर चालणं, अहवाल, किंमत, असे शंभर गुण वाटून ठेवले होते. काकांचं मन राखायला मी शेवटी एक रकाना वाढवला, 'स्वतः बदल करता येणे', आणि त्याला पाच गुण दिले. तिसरं सॉफ्टवेअर तीन गुणांनी जिंकलं. दिसण्यातले पाच काढून त्या रकान्यात टाकले असते तर पहिलं जिंकलं असतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी साक्षर बाई आहे, मला बेरीज येते. पण साहेबांना काय हवंय तेही दिसत होतं, आणि माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. उगाच कशाला मध्ये तोंड घाला, म्हणून गप्प बसले.

कोर्समध्ये आवाज कुणाचा, हा प्रश्न निघाला तेव्हा मात्र मी हट्टानं काकांचं नाव लावलं. तेवढाच माझ्या मनाला दिलासा. गाद्यांच्या ढिगांमध्ये, पंखे बंद करून, भर उन्हाळ्यात आम्ही रेकॉर्डिंग केलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी म्हटलं, आवाजच घेणार आहेत, शर्ट दिसणार नाही. "मना तर दिसतोय ना," म्हणाले. लिहून आलेल्या कागदावर 'पैदल यात्री मार्ग' वगैरे होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि माइकसमोर थेट सुरुवात केली, "देखो भाई, ध्यान से सुनने का. पीले पट्टे के अंदर से चलने का. गेट नंबर चार से अंदर आया, तो बाएँ हाथ को मुड़ने का. जल्दी नहीं करने का." सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस थांबवायला निघाला होता, तो ऐकत राहिला. त्या आवाजात लेकराला रस्ता पार करून द्यावा तशी माया होती. काकांनी ती फाइल स्वतःच्या मोबाइलवर घेतली आणि कँटीनमध्ये भजी खाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली.

कोर्स सुरू झाला आणि फेरी बंद झाली. अर्धा दिवस वीस माणसं नुसती चालवायची हे साहेबांना कधीच पटलं नव्हतं. आता गेटवरच्या खोलीत टॅबसमोर अठरा मिनिटं बसायचं, पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, की गेटपास निघतो. कोर्स पुरा झाल्याशिवाय पास निघणारच नाही, अशी जोडणी मीच मागून करून घेतली होती, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. काकांना आवक मालाच्या मोजणीवर टाकलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "जाऊ दे. माझा आवाज हाय ना आत. मी थकंन, तो थकायचा न्हाय."

दिवाळीनंतर नवं गिऱ्हाईक आलं आणि गेट नंबर चार फोर्कलिफ्टना दिलं. माणसांची वाट उजवीकडून, सहा नंबरनं. पट्टे नवे मारले. कोर्समध्ये मात्र काका सांगतच राहिले, चार से अंदर, बाएँ हाथ को.

मी रिक्वेस्ट पाठवली. उत्तर आलं की वर्गणी संपली आहे, आधी ती भरा. हेड ऑफिस म्हणालं, पुढच्या बजेटमध्ये बघू. मी म्हटलं, निदान फाइल द्या, मी कुणाकडून तरी करून घेते. तर कोर्सची मूळ फाइल त्यांच्याकडे. आमच्याकडे होता तो नुसता तयार कोर्स, बघायचा आणि ऐकायचा, हात लावायचा नाही. बरं, कोर्स बंद करावा तर गेटपास निघेनात. शेवटी मी टॅबशेजारी एक कागद चिकटवला, 'गेट ४ बंद है'. आठ दिवसांत तो फाटला. मी दुसरा लावला. शिकलेल्या बाईच्या हातून एवढंच झालं.

काका साहेबांना फोन करून म्हणाले, मला फेरी परत द्या. साहेब म्हणाले, एकाच गोष्टीचं दोनदा ट्रेनिंग कशाला? तेव्हापासून काका ड्युटीच्या अर्धा तास आधी येऊ लागले आणि चार नंबरवर आडवा हात धरून उभे राहू लागले. चहाच्या सुट्टीतही तिथेच. नवी पोरं हसायची. "चाचा, अभी अंदर आपही बोले ना, इधर से जाने का?" काका म्हणायचे, "वो पुराना मैं है. ये नया मैं बोल रहा है. घूम जा." हसण्यावारी न्यायचे, पण एकदा मला म्हणाले, "बाय, मी आतल्या माझ्याशी भांडून भांडून दमलो गं. तो काढ."

पुतणीच्या हळदीला त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे अख्खा गाव जेवायला, आणि काका घरातले थोरले. न जाऊन चालणार नव्हतं. जाताना मला बजावून गेले, "चार नंबरवर कुणालातरी उभं कर." मी हो म्हटलं. त्याच दिवशी तपासनीस आले आणि मी त्यांना हिरवे गोल दाखवत बसले.

नसीम त्या दिवशी कामाला लागली होती. भिवंडीतल्या निजामपुऱ्यातली, बावीस वर्षांची, वडिलांचे कापडाचे लूम बंद पडले म्हणून पॅकिंगला आलेली. दुपारी चारच्या सुमाराला, चहाच्या सुट्टीवरून परतताना, ती चार नंबरनं आत आली आणि डाव्या हाताला वळली. फोर्कलिफ्ट भरलेली होती. उजवा पाय घोट्याखाली गेला.

चौकशीला साहेब आले. नसीमचा कोर्स उघडून बघितला. पूर्ण झालेला, पाचपैकी पाच बरोबर. 'कामगारास प्रशिक्षण दिलेले होते. कामगाराने पट्ट्यांकडे दुर्लक्ष केले,' असं ठरलं. त्या पाच प्रश्नांत एक प्रश्न, चार नंबरवरून कुठल्या हाताला वळायचं, हाच होता, आणि बरोबर उत्तर 'डाव्या' होतं. ते उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. भोईरकाका उभे राहिले आणि म्हणाले, "चूक तिची न्हाय. तिनं माझं ऐकलं." बैठकीचं टिपण मी लिहीत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ते वाक्य लिहिलं नाही. आज लिहिते आहे, पण आज त्याचा नसीमला काही उपयोग नाही.

आठवड्यानं काका मला निजामपुऱ्याला घेऊन गेले. नसीम भिंतीला टेकून बसली होती, पायावर चादर. आईनं पाणी दिलं. काका बसलेच नाहीत. "बेटी, वो आवाज मेरा था," म्हणाले.

"मालूम है चाचा," नसीम म्हणाली. तिची तक्रार नव्हती. तिला फक्त एक समजून घ्यायचं होतं. "कंपनीवाले बोलते हैं मैंने ध्यान नहीं दिया. आप सुनो ना, मैं कहाँ भूली." आणि तिनं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. देखो भाई, ध्यान से सुनने का. पीले पट्टे के अंदर से चलने का. काका जिथं थांबायचे तिथं थांबून, त्यांच्याच चालीवर, शाळेतली कविता म्हणावी तसं. म्हटलं तेवढ्यात त्यांचा एकही शब्द तिनं सोडला नव्हता. काकांना ते शेवटपर्यंत ऐकवलं नाही. मध्येच त्यांनी हात जोडले आणि ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "मी जातो. पन तो हितं राहू देऊ नको. माझा आवाज काढ, बाय." मी काढते म्हणाले. पुढे तीन बजेटं झाली. दर वेळी मी लिहिते, दर वेळी 'पुढच्या खेपेला' येतं. मी नोकरी सोडली नाही. कुणी विचारलं तर घराचे हप्ते सांगते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दहाव्याला मी टेमघरला गेले. सगळे पांगल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "नातवंडांना त्यांचा आवाज ऐकवायचा होता. मोबाइलात होता, तो त्यांनी कधी पुसून टाकला काय म्हायती. घरात लग्नाच्या फिती हायत, त्यात नुसता बँड. तुमच्याकडं हाय ना गं त्यांचा आवाज?"

मी हो म्हटलं. कोर्समधून काही काढता येत नसलं तरी ऐकू येतं ते मोबाइलवर घेता येतं. सोमवारी मी गेटवरच्या खोलीत जाऊन टॅबला मोबाइल लावून बसले. शेजारी नवी अकरा माणसं बाकावर बसली होती, त्यांनाही तोच कोर्स करायचा होता. अठरा मिनिटं आम्ही बारा जणांनी काकांना ऐकलं. संपल्यावर ती माणसं पास घेऊन आत गेली, आणि मी फाइल काकूंना पाठवली.