कप विसळणारा जावई

देवाची इच्छा ओळखण्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

वर्ध्याजवळच्या देवळी गावात माझं चष्म्याचं दुकान आहे. पण लोक माझ्याकडे चष्म्यापेक्षा सल्ल्याला जास्त येत. (निदान मी तरी त्यांना चष्म्यापेक्षा सल्लाच जास्त देत असे.) कूलर कोणता घ्यावा इथपासून मुलाला कोणत्या कॉलेजात घालावं इथपर्यंत सगळ्याची माझ्याकडे एकच रीत होती. देवाकडे चिन्ह मागायचं! चिन्ह मिळालं की हो, नाही मिळालं की आणखी थोडं मागायचं.

आमच्या रूथसाठी पुलगावहून स्थळ आलं, तेव्हा मी हीच रीत लावली. रूथ वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स. मुलगा अमोल, शाळेत गणित शिकवणारा. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दोन्ही घरांना ओळखत होते, म्हणून तेच मध्यस्थ. सगळं चांगलं होतं. पण चांगलं आहे एवढ्यावर पोरगी देतं का कोणी?

पवित्र शास्त्रात एका सेवकाने धन्याच्या मुलासाठी मुलगी शोधताना विहिरीवर उभं राहून चिन्ह मागितलं होतं. जी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजील, तीच ती. मी विचार केला, आजवर मुलींची परीक्षा पुष्कळ झाली, आता मुलाची व्हावी. आमच्याकडे उंट नाहीत, विहीरही नाही. म्हणून मी प्रार्थना केली, "प्रभू, जो माझ्या घरी चहा पिऊन आपला कप स्वतः उठून विसळील, तोच माझा जावई."

हे मी कोणालाही सांगितलं नाही. चिन्ह फोडलं तर मग ते चिन्ह कसलं!

एप्रिलमधला रविवार. उपासना आटोपून पाळकसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. अमोल, त्याचे वडील, त्याची आई. उन्हाने तिघांचे चेहरे लालभडक. आमच्या सौ.ने, सरोजने, सरबताची तयारी केली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "सरबत नाई. चहा."

"अजी, एवढ्या उनात?"

"चहा म्हनलं ना!"

चहा आला. अमोलने मुकाट्याने पिऊन कप स्टुलावर ठेवला. मी देवाकडे बघत थांबलो. सरोज कप उचलायला वाकली.

"हात नको लावू त्या कपाले!" मी ओरडलो.

अमोलच्या वडिलांनी स्वतःचा कप हळूच खाली ठेवला.

सावरावं म्हणून मी म्हणालो, "आमच्या घरी नवीन बेसिन बसवलं हाय जी. सैपाकखोलीच्या दारातूनच दिसते, पाहा. नळाले पानी बी हाय."

"बरं जी," अमोलचे वडील म्हणाले. यावर दुसरं काय म्हणणार?

अमोलने मान वाकडी करून बेसिनकडे पाहिलं आणि कौतुकाने मान डोलावली. उठला मात्र नाही. मला वाटलं, एका कपात देवाला वाव मिळत नसेल. मी म्हटलं, "सरोज, जावई... आपलं, पाव्हन्यांले आनखी चहा आन."

दुसरा कप झाला. तोही स्टुलावर. तेवढ्यात अमोलची आई उठली आणि दोन्ही कप घेऊन बेसिनकडे निघाली. मी खुर्चीतून उडीच मारली! "बाई, तुमी नका धू! तुमचा काई संबंध नाई!"

"अहो, दोन कपाचं तं काम हाय..."

"ठेवा म्हनतो ना!"

बिचारीने कप पुन्हा स्टुलावर आणून ठेवले. तिसरा कप आला. मग चौथा. सरोजने मला आत ओढून विचारलं, "तुमची तब्येत बरी हाय ना? त्या पोराचा चेहरा पाहा कसा झाला!"

"तू मधात पडू नको. देव काम करून राह्यला."

"देव नाई करून राह्यला, मी करून राह्यली! दूध संपलं!"

शेजारून दूध आणवलं. आलं घातलेला, सायीचा, कडक असा पाचवा कप अमोलच्या हातात गेला. (त्याला आईने बजावलं होतं, होणाऱ्या सासुरवाडीत कशालाही नाही म्हणायचं नाही. हे मला मागाहून कळलं.) त्याने डोळे मिटून तो संपवला. क्षणभर तसाच बसला. आणि मग... उठला! कप हातात! तडक बेसिनकडे!

मी दोन्ही हात वर करून मोठ्याने गर्जना केली, "हालेलुया!"

त्याच क्षणी अमोल बेसिनमध्ये भडाभडा ओकला.

माझे हात वरच राहिले. खाली कधी घ्यावेत ते समजेना.

रूथ आतून धावत आली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, नाडी पाहिली, साखर-मिठाचं पाणी करून आणलं. "किती कप पेले?"

"पाच."

"पाच! काऊन पेले?"

"मी मांगितले नाई जी," अमोल कसाबसा म्हणाला, "येतच राह्यले."

त्याने तोंड धुतलं, मग बेसिन घासून स्वच्छ केलं. सरोज नको नको म्हणत असताना स्टुलावरचे सगळे कपही नेऊन विसळले आणि पालथे घातले. म्हणाला, "मावशी, माफ करा. तुमचं नवीन बेसिन खराब केलं."

इकडे त्याचे वडील उभे राहिले होते. आवाज थंड होता. "भाऊ, आमच्या पोराले उलटी झाली, अन् तुमी देवाची स्तुती करून राह्यले?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी चिन्हाची सगळी हकिगत सांगितली. सांगताना मला पहिल्यांदाच जाणवलं, की मनातल्या मनात ती फारच चांगली वाटत होती.

"चाला," अमोलचे वडील बायकोला म्हणाले. "ह्या घरात आपली सोयरीक नाई जमत."

सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तर तोंडचंच पाणी पळालं! दोन घरांनी महिनाभर जमवत आणलेलं मी तासाभरात चहात बुडवलं होतं.

तेव्हा अमोलच म्हणाला, "बाबा, बसा ना." मग माझ्याकडे वळून, "काका, मले सांगतलं असतं तं पयलाच कप धुतला असता. घरी मीच धुतो, आईची कंबर दुखते. पन पाव्हन्यानं पयल्याच दिवशी लोकाच्या सैपाकखोलीत घुसावं का?"

खरं होतं त्याचं. पण गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. मी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, कप तं धुतला. पन ओकल्यानंतर धुतला. मंग चिन्ह धरावं का नाई?"

पाळकसाहेब इतका वेळ रुमालात तोंड खुपसून बसले होते. (मला वाटलं, प्रार्थना करताहेत.) डोळे पुसत म्हणाले, "त्या सेवकानं विचारलं अन् तो गुमान उभा राह्यला. तुमी देवाले विचारलं अन् उत्तर येईपर्यंत चहा उकळत ठेवला! त्याच्या तोंडून आपल्याले पाह्यजे ते वदवून घेनं, हे काई ऐकनं नोहे."

"बाबा," रूथ म्हणाली, "तुमी देवाले विचारलं, साहेबाले विचारलं. मले कवा विचारान?"

"सांग मंग. तू काय चिन्ह मांगितलं होतं?"

"काईच नाई. मानूस कसा हाय ते मले दिसू दे, येवढंच म्हनलं होतं. परक्या घरी, सगळ्यांसमोर येवढी फजिती झाली. तरी कोनावर चिडला नाई, आपलं आपन साफ केलं. मले पुढं बोलायचं हाय यांच्यासंगं. पन तुमी लोक इथंच बसा."

दोघं ओसरीवर जाऊन बसली. आम्ही आत पंख्याखाली एकमेकांची तोंडं पाहत बसलो. अर्ध्या तासाने बाहेरून हसण्याचा आवाज आला, आधी तिचा, मग त्याचा. अमोलच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या वेळात प्रथमच त्यांच्या मिशा हलल्या.

घाई मात्र दोघांनीही केली नाही. चार महिने भेटत राहिली, बोलत राहिली, एकत्र प्रार्थना करत राहिली आणि मग येऊन आम्हाला सांगितलं, "ठरलं." नाताळाच्या आधी लग्न झालं. संसार उत्तम चालला आहे.

आता आजूबाजूच्या मंडळ्यांतले लोक मला विचारायला येतात, भाऊ, देवाचा आवाज कसा ओळखावा? मी त्यांना अनुभवाचं एकच सांगतो: आधी आपण गप्प बसायला शिकावं.

हे नीट समजावून सांगायला मला साधारण दीड तास लागतो.