जावयासाठी हिन्याची मेणबत्ती

खामगावच्या निवृत्तीरावांना देवानं सगळं दिलं होतं, फक्त बैठक दिली नव्हती. चहा ते उभ्यानं पीत, पेपर फेऱ्या मारत वाचत. जेवायला बसले की पाटावर इतके सरकत, की भात वाढून वरण आणेपर्यंत मालक पाटाच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असत. धंद्यांचंही तेच. सोड्याच्या बाटल्या झाल्या, भाड्याच्या सायकली झाल्या, छत्र्यांची दुरुस्ती झाली. प्रत्येक धंदा त्यांनी मन लावून केला आणि तो जरा चालायला लागला की सोडला.

गल्लीच्या टोकाला त्यांचे मेहुणे जानराव राहत. त्यांची तेलाची गिरणी होती आणि तिथं वजनकाट्याशेजारी निवृत्तीरावांसाठी एक गादी कायमची घातलेली होती. सकाळी हिशेबाला बसायचं, संध्याकाळी उठायचं. निवृत्तीराव गिरणीवरून जायची वेळ आली तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जात. गादी पाहिली तरी त्यांना धाप लागे.

महाराष्ट्र होऊन वर्ष झालं आणि ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. या धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, जेवू घालायचं आणि तेहतीस अनारशांबरोबर एक दिवा द्यायचा, ही रीत. निवृत्तीरावांचं डोकं फिरलं ते इथंच.

"दिवा जावई घरी नेते," ते बायकोला, वच्छलाबाईंना म्हणाले, "आन त्याची बायको तो देवापुढं ठेवते. अनारसे पोरंसोरं खातात. मंग जवायाले काय भेटलं? काईच नाई! आपण त्याले वासाची मेणबत्ती देऊ. खास पुरुषासाठी!"

"काऊन, पुरुषाले अंधारात दिसत नाई का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

पण तोवर ते चप्पल घालून बाहेर पडले होते. वच्छलाबाईंनी त्यांना दारातच गाठलं आणि रस्त्यानं चाललेल्या जानरावांना थांबवून त्यांच्या साक्षीनं वचन घेतलं. हा शेवटचा धंदा. एका जावयानं जरी नाव ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी गिरणीतली गादी. निवृत्तीरावांनी 'हाव हाव' म्हणून वचन दिलं, कारण तेव्हा त्यांना फक्त वाटेतून वच्छलाबाई बाजूला व्हायला हव्या होत्या.

अत्तर विकणाऱ्या गफ्फारमियांनी त्यांना समजावून पाहिलं. "निवृत्तीभाऊ, अत्तर कानात ठेवाची चीज हाय. तुमी तिले जाळून राह्यले!"

"कानात ठेवलं तर एकट्याले वास येते, मियाँ. पेटवलं तर बैठकीतल्या साऱ्याइले."

"मंग गुलाब घ्या."

"गुलाब बायाइचा. मर्दाले हिना पाह्यजे."

जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस आणून वाती वळल्या. पत्र्याच्या नळ्यांत मेण ओतलं, त्यात हिना सढळ हातानं घातला. वर सोनेरी कागद आणि कागदावर छापील चिठ्ठी: 'जावईबापूंची पसंत'. ही पसंत कुठल्याही जावयाला न विचारता छापली होती. तरी माल असा खपला, की निवृत्तीरावांना दारोदार फिरायला दिवस पुरेना. सासवांना नवल हवं होतं, सासऱ्यांना जावई खूश हवा होता. पहिली मेणबत्ती अर्थात घरच्या जावयाला मिळाली. शालिग्राम नांदुऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. तो अनारसे, दिवा आणि मेणबत्ती घेऊन गेला. लेक रुख्मिणी मात्र थोडे दिवस माहेरी राहिली.

एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. उजेडाला कंदील होता, देवाला निरांजन होतं. वासाची मेणबत्ती नेमकी कशापुढं लावायची, हे एकाही जावयाला कळेना. शिवाय इतकी भारी वस्तू जाळायची कशी? तेव्हा एकमेकांना न विचारता सगळ्या जावयांनी एकच गोष्ट केली. मेणबत्ती पेटीत ठेवली. लग्नातल्या गरम कोटाच्या घडीत. कोटालाही वास लागेल म्हणून.

वर पत्र्याचं छप्पर, खाली पत्र्याची पेटी, मध्ये वऱ्हाडातला उन्हाळा!

महिना सरता सरता निवृत्तीरावांच्या ओट्यावर सासऱ्यांची रांग लागली. कोणाच्या जावयाच्या कोटाची बाही चिकटली होती, कोणाच्या पाठीवर तपकिरी डाग पडला होता आणि सगळ्यांच्या जावयांना आता नवा कोट हवा होता. जानराव हसत हसत आले. "चला भाऊजी. गादी झटकून ठेवली हाय."

निवृत्तीराव ओट्यावर गरगर फिरत होते. "परक्या जवायाइचं काय सांगता! ते तं कोटासाठी टपलेच असतात. आज शालिग्राम येऊन राह्यले रुख्मिणीले न्याले. ते जे म्हणतीन ते खरं. त्याइनं नाव ठेवलं, तं मी आपल्या पायानं गादीवर येतो."

शालिग्राम दुपारच्या गाडीनं आला. त्याला पाण्याचा तांब्या मिळण्याआधी जानरावांनी गाठलं. "जवाईबापू, मेणबत्तीचं काय झालं?"

शालिग्रामनं सासऱ्याकडे पाहिलं. सासरा श्वास रोखून एका जागी उभा होता. जन्मात पहिल्यांदा.

"लय झकास," शालिग्राम म्हणाला. "रोज सांजले लावतो. आता बोटभर उरली."

जानराव चहासुद्धा न घेता गेले. निवृत्तीरावांनी आनंदानं जावयाची पिशवी खुंटीला लावायला उचलली आणि त्यांच्या नाकात हिना शिरला. पिशवीत कागदात गुंडाळलेला कोट होता. मेण खिशापासून कॉलरपर्यंत पोचलं होतं.

"बापू, हे काय हो?"

"रुख्मिणीले दाखवाले आणला होता," शालिग्राम ओशाळून म्हणाला. "मामाजी, मी मालधक्क्यावर सकाळी बसतो तो सांजले उठतो. दिवसभर बसलं का आतून काय होते, ते मले मालूम हाय. तुमाले नाई जमाचं ते."

तेवढ्यात वच्छलाबाई हातात धगधगत्या कोळशाची इस्त्री घेऊन आतून आल्या. त्यांना वास पिशवी दारात आली तेव्हाच लागला होता.

"आणा तो कोट. वर कागद ठेवून इस्त्री फिरवली का मेण कागदात येते." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "उभे काय राह्यले? खिडक्या लावा! जानरावच्या घरापर्यंत वास जाईन."

त्या उन्हात दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. इस्त्री कोटावरून फिरू लागली आणि खोलीत हिना असा दाटला, की रुख्मिणीला शिंका आवरेनात. घामानं निथळत जावई सासऱ्याच्या कानाशी लागला.

"मामाजी, आता पुढं काय काढता?"

"बरफ," सासरा कुजबुजला.

"मी आयकून नाई राह्यली," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोट उलटा केला.