चहा होईस्तोवर स्टेअरिंगला हात नाही

माझं कोणी खरं मानलं नाही, हे आधी सांगून टाकते. देऊळगाव राजाला माहेरी गेले होते. भावाला सांगितलं, आमच्या गॅरेजात भाकरीएवढा एक डबा टेबलावरून उडाला आणि छपराच्या पत्र्याला पोचा पाडून खाली आला. भाऊ म्हणाला, "ताई, तू चहा घे आधी." भावजय तोंडाला पदर लावून आत पळाली. शेजारणीनं तर विचारलं, डब्यात मंतरलेलं लिंबू होतं का? तेव्हापासून मी माहेरी फक्त पाऊसपाण्याचं बोलते. पण न सांगितलेल्या गोष्टी जातात कुठं? गॅरेजच्या कोपऱ्यात जुने प्लग आणि बेरिंगं साठतात, तशा साठत राहतात. कोणी नेत नाही आणि आपल्याच्यानं टाकवत नाहीत.

आमचं गॅरेज मेहकरला, जानेफळ रोडवर. माणसं मोजकी. गॅरेज आमच्या ह्यांचं, त्यांना सगळे गजाननभाऊ म्हणतात. धाकटा दीर विलास वायरिंग बघतो. रहीमचाचा डेंटिंग-पेंटिंग करतो. आणि कोपऱ्यात शिलाई मशीनवर मी. शिक्षण चौथी, पण या रोडवरच्या निम्म्या गाड्यांच्या सीटा माझ्या हातच्या आहेत. सीटा शिवते, चहा करते, आणि दोन्हीच्या मध्ये कोणाचं चुकताना दिसलं तर तोंडावर सांगते.

*

तर तो डबा. एअरबॅगवाली गाडी तेव्हा आमच्याकडं नवी नवी यायला लागली होती. सगळे एअरबॅगला 'फुगा' म्हणायचे. स्टेअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या झाकणाखाली तो घडी घालून ठेवलेला असतो, यापलीकडं कोणाला काही ठाऊक नव्हतं. विलासनं तो डबा खोलून काढला, तोंड खाली करून टेबलावर ठेवला आणि हेडलाइट तपासावा तसा टेस्टरचा दिवा त्याच्या पिवळ्या वायरींना लावला.

आवाज बाहेर झाला की माझ्या डोक्यात झाला, मला आजही सांगता येणार नाही. फटाक्याचा वास, सगळीकडं पांढरी पूड. विलासच्या हातात दिवा होता, समोर टेबल होतं, डबा नव्हता. मग तो वरून आला.

हे धावत आले. आधी भावाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, बोटं मोजली. मग वर पाहिलं. पत्र्याला परातीएवढा पोचा. चाचा हळूच म्हणाला, "इतनी छोटी चीज में इतना गुस्सा?"

त्याच संध्याकाळी ह्यांनी चाचाकडून भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं: 'ज्याच्या हातून फुगा फुटेल त्याला या गॅरेजची पायरी बंद.' खाली चाचानं हातभर जागा मोकळी सोडली. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणे, नावासाठी.

विलासची चूक नियमाच्या आधीची, म्हणून सुटला. पण त्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना आम्ही सांगितलं होतं, पोरगा गॅरेजात बरोबरीचा वाटेकरी आहे. त्यामुळं त्या मोकळ्या जागेकडं तो असा बघायचा, जसं काही तिथं त्याचं नाव आधीच आहे, फक्त दिसत नाही. आणि ह्यांचं म्हणाल तर, एकदा बोलले की बोलले. एका सकाळी तंबाखू सोडली म्हणाले, ती डबी अजून खिडकीत तशीच आहे, भरलेली.

*

मग हे जालन्याला कुठल्याशा कंपनीच्या शिबिराला जाऊन आले. परत आले ते देवळातून आल्यासारखे. रात्री जेवताना बोलायला लागले.

बॅटरीची तार काढली तरी फुग्याच्या पेटीत थोडा करंट जपून ठेवलेला असतो, म्हणाले. का, तर धडकेत बॅटरीच तुटली तरी फुगा उघडला पाहिजे. म्हणून तार काढायची आणि दहा मिनिटं हात बांधून उभं राहायचं. वायरीला टेस्टर लावायचा नाही, कधीच नाही. डबा टेबलावर ठेवायचा तर तोंड वर. तोंड वर असलं तर नुसता फुगा वर उघडतो, खाली असलं तर डबाच टेबलाला लाथ मारून उडतो. उचलून न्यायचा तर तोंड आपल्यापासून लांब. आणि काम करताना आपलं थोबाड त्याच्या समोर न्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा एक डबा छातीशी धरून निघाला. हे ओरडले, "चाचा, लेकरू नाही ते! तोंड भायेर करा त्याचं." चाचानं तो इतक्या हळू फिरवला की माझ्या मशीनवर अर्धी सीट शिवून झाली.

राहता राहिली दहा मिनिटं. घड्याळ कोणाच्या हातात नसतं, ग्रीसमध्ये टिकत नाही. विलास सहाशेपर्यंत आकडे म्हणायचा आणि मध्येच गिऱ्हाईकानं हाक मारली की पुन्हा एकपासून. शेवटी मीच सांगितलं, तार काढली की मी चहा ठेवते. चहा उकळला, पिऊन झाला, ग्लास विसळून पालथे पडले की मगच स्टेअरिंगला हात लावा. आमच्याकडं दूध नामदेव गवळ्याच्या म्हशीचं, असं घट्ट की उतू जायलाही आळस करतं. दहा मिनिटांच्या वर वेळ जायचा, कमी नाही. तेव्हापासून आमच्या गॅरेजात तोच रिवाज. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की विलास सांगायचा, "थांबा जी, चहा व्हाचा आहे." गिऱ्हाईकाला वाटायचं पाहुणचार आहे.

*

एक बागायतदार आले, गाडीचा सीटबेल्ट घेऊन. गोठ्याजवळ गाडी लावायचे, उंदरानं पट्टा कुरतडलेला. म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातचं शिवण कधी उसवलेलं नाही. मारा दोन टाके, त्याच रंगाचा दोरा घ्या म्हणजे झालं."

मी त्यांना दाखवलं. आमच्याकडच्या एका गाडीतला पट्टा हळू ओढला, आला. झटका दिला, जागच्या जागी घट्ट. पुन्हा हळू, आला. पुन्हा झटका, बंद. मी तर पहिल्या दिवशी अर्धा तास त्याला फसवायला बघत होते, बेसावध धरावं म्हणून. नाही फसला. खण, चादरी, रेक्झिन, किती कापड या हाताखालून गेलं, पण माणसाची घाई ओळखणारं कापड मी पहिल्यांदा पाहिलं. आणि त्याच्या पेटीतही म्हणे फुग्यासारखीच फटाक्याची दारू असते, धडक बसताक्षणी माणसाला मागं आवळून धरायला.

"पुरा पट्टा बदलावा लागल," मी म्हटलं. "याला सुई लावत नाही मी."

"अहो, उसवला तर पुन्हा शिवून द्या."

"पट्टा मी पुन्हा शिवीन. तुम्हाला कोण शिवल?"

रागावून गेले. नवा पट्टा बसवायला आले तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. पण सोबत त्यांच्या बायकोनं शेतातली वांगी पाठवली होती, पिशवीभर.

*

नामदेवची ती म्हैस, चंद्री, रोज संध्याकाळी चरून येताना आमच्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवायची आणि जी गाडी उभी असेल तिच्या बंपरला मान घासायची. माझं आणि तिचं त्यावरून रोज भांडण. मी झाडू दाखवायची, ती शेपूट.

एकदा अशीच मान घासता घासता तिनं फुगेवाल्या गाडीला ढुशी दिली. गाडी हलली. विलास एका उडीत रस्त्यावर. चाचा गाडीखालच्या खड्ड्यात. मी मशीनखाली, हे कबूल करते. फक्त हे उभे. म्हणाले, चावी बंद आहे, म्हशीच्या ढुशीनं नाही फुटत तो, त्याला खरी धडक कळते.

फुगा नाही फुटला. चाचाच्या कमरेत मात्र तेव्हापासून उसण भरते. चंद्रीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं मान घासायला लागली.

*

हा किस्सा हसायचा नाही. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर ठोकलेली एक गाडी आमच्याकडं ओढून आणली. पुढचा भाग असा की, बोनेट कुठलं आणि चाक कुठलं कळेना. इंजिन आत सरकलेलं. दोन्ही फुगे बाहेर, ओल्या धोतरासारखे लोंबत होते. आम्ही चौघं भोवती उभे. मी मनात म्हटलं, घरच्यांना कोणी सांगितलं असेल? कसं सांगितलं असेल?

तेवढ्यात रिक्षातून एक माणूस उतरला. हाताला बँडेज. मागं बायको. म्हणाला, गाडी माझी आहे, चप्पल आत राहिली.

विलासनं त्याच्या खांद्याला हात लावून बघितला. मी त्याला रागावणार होते, पण माझाही हात पुढं गेलाच होता. त्या बाईच्या गळ्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा निळा वळ होता, तिनं पदर सरकवून मला दाखवला. म्हणाली, "ताई, मागं ठेच्याची बरणी होती, बघता का?" बरणी शाबूत निघाली. ती छातीशी धरून बाई तिथंच खाली बसली आणि मग रडली.

ते गेल्यावर चाचानं डोक्यावरची टोपी नीट केली आणि त्या गाडीला सलाम केला. भिंतीवरचं लाल अक्षर मला तेव्हा कळलं. ह्यांना फुग्याची भीती नव्हती. त्यांना वाटायचं, अशा वस्तूला हात लावायचा तर माणूस लायक पाहिजे.

*

आता शेवटचा. विलासचं लग्न होऊन गेलं होतं, भिंतीवरची जागा मोकळीच होती. जानेफळचे एक मास्तर गाडी घेऊन आले. फुग्याचा लाल दिवा समोर जळतो तो विझत नाही, ही तक्रार. विलास म्हणाला, स्टेअरिंगमागची वायर कुठंतरी खरवडली असेल. हे म्हणाले, नाजूक आहे, मी स्वतः बघतो.

विलासनं बॅटरीची तार काढली. सगळ्यांनी सवयीनं माझ्या कोपऱ्याकडं बघितलं.

"दूध फाटलं," मी म्हटलं.

चाचा म्हणाला, काला चलेगा. हे म्हणाले, "कोरा चहा काऊन? मयत झालं का घरात?"

मग ते तिघं क्षणभर उभे राहिले. त्या वेळेला इतकी वर्षं त्यांच्या हातात ग्लास असायचे, आता हात रिकामे. मी फाटलेल्या दुधात साखर टाकून आटवत होते, वाया कशाला घालवायचं. ह्यांनी पँटला हात पुसले, "चाला तं मंग," म्हणाले, आणि दारातून बाजूनं वाकून पिवळ्या वायरीला हात घातला.

कोणी अडवलं नाही. चहाचं संपलं म्हणजे थांबायचंही संपलं.

तोच आवाज. तीच पूड. बाजूनं वाकले होते म्हणून वाचले. कानावरची पेन्सिल गेली ती आजवर सापडली नाही. जमिनीवर बसले होते, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. मी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी आत डोकावून बघितलं. म्हणाले, "दिवा मात्र विझला."

हे उठले. भिंतीकडं पाहिलं. खुंटीवरचा शर्ट घेतला आणि पायरी उतरून रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसले.

"लिहा चाचा," तिथूनच म्हणाले. "गजानन लिहा."

चाचानं ब्रशला हात लावला नाही. दुपार झाली. जेवणाचा डबा मी दगडावर नेऊन दिला. गिऱ्हाईकं यायची, तर हे तिथूनच सांगायचे, "मले पायरी बंद हाये, विलासले दाखवा." मी म्हटलं, गॅरेज तुम्ही बांधलं. म्हणाले, म्हणूनच.

विलासला राहवलं नाही. "दादा, तार म्या काढली. थांबवाचं काम माह्यं होतं. माह्यं नाव लिवा." नवी नवरी घरात, आणि हा असं बोलला. ह्यांनी मान हलवली. हात तुझा नव्हता, म्हणाले.

चाचा म्हणाला, थांबायचा वेळ चहाचा होता, आणि चहाच आला नाही.

तिघांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, "लिहून तर पाहा."

चाचा घाईनं म्हणाला, दूध तर नामदेवचं होतं.

नामदेव संध्याकाळी गुरं घेऊन आला तेव्हा त्याला धरलं. त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली, पाण्याचा थेंब नाही. म्हणाला, "म्हैस गाभण हाये, आटत आली. असं दूध फाटतेच. म्या काय करू?"

सगळे वळले. ती नेहमीसारखी पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून मास्तरांच्या बंपरला मान घासत होती.

ह्यांनी दगडावरून तिच्याकडं बघितलं, पुष्कळ वेळ.

"तिच्यापाई झालं म्हणता?"

"हाव दादा," विलास म्हणाला.

ह्यांनी शर्ट खांद्यावर टाकला, रस्ता ओलांडला. चाचानं लाल रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि हातभर मोकळ्या जागेत, वरच्या ओळीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं: चंद्री.