दाराच्या फटीतली लाल मखमल

टाचणीबाईंच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत, आणि टाचण्या नसल्या की त्याच धारेचे शब्द असत. म्हणून त्यांना हे नाव पडलं. जन्म गेला दुसऱ्यांचे कपडे उसवण्यात आणि बेतण्यात. आधी नाटक कंपनीच्या कपडेपटात, आणि कंपनीचं दिवाळं निघाल्यावर बाजारामागच्या गल्लीत, एका खोलीच्या दुकानात. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. पँट आखूड करून मिळेल, चेन बदलून मिळेल, उपदेश फुकट मिळेल.

त्या वर्षी एक गाणं गल्लीत शिरलं ते हलेचना. समोरच्या सलूनमध्ये तेच, वरच्या मजल्यावरच्या जिममध्ये तेच, फळवाल्याच्या फोनची रिंगही तीच. धडाधड ढोल, मध्येच शिट्टी, आणि एक पोरगी हसत हसत गातेय:

जातोस तर जा, पण दार मी लावणार नाही,
येशील तेव्हा तुला कुणी अडवणार नाही.

पहिल्या दिवशी हे कानावर पडलं, आणि तेव्हापासून ते लागलं की बाई मशीन जोरात चालवून पुढचं ऐकूच येऊ देत नसत. हे गाणं त्या ओळखत होत्या. ओळखत कसल्या, चाळीसेक वर्षं त्या त्याचा मनापासून द्वेष करत होत्या.

कारण ते गाणं त्यांच्या नवऱ्यानं लिहिलं होतं. नवरा त्याच कंपनीचा गीतकार. माणूस दिसायला बरा, बोलायला गोड आणि संसाराला बिनकामाचा. मुलगी झाली आणि ती रात्रंदिवस रडायची, सगळीच तान्ही मुलं रडतात तशी. हा म्हणाला, "या रडण्यात मला चाल सुचत नाही." थिएटरच्या मागे एक खोली मिळत होती म्हणे. बाई मुलीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जातोस तर जा, आणि दार ओढून घे." त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली, दार ओढून घेतलं आणि गेला.

सहा-आठ महिन्यांत नवं नाटक आलं आणि त्यात हे गाणं. टाकलेली बायको, तिचं उघडं दार, तिचं वाट बघणं. निम्मे शब्द बाईंचे आणि उरलेला अर्थ सगळा उलटा. त्यावर कडी म्हणजे ते गाणाऱ्या नटीचं पातळ निवडायला, झंपर बेतायला बाईच. माप घेताना नटी म्हणाली, "इतकी लाचार बाई असते का हो कुठे?" बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली आणि झंपर कमरेत इतकं घट्ट घेतलं की पहिल्या प्रयोगाला नटीला श्वास पुरेना. लोकांना वाटलं, काय दर्द आहे! तिथूनच गाणं गाजलं.

मुलीला बाईंनी एवढंच सांगून वाढवलं: "मी त्याला घालवला. मी वाटबिट पाहिली नाही. आणि त्यानंही कधी ढुंकून पाहिलं नाही." मुलगी आईवर गेली. बाप वारल्याचा निरोप घेऊन माणूस आला तेव्हा ती म्हणाली, "ज्यानं मला पाहिलं नाही, त्याला मी काय पाहायचं?" ती गेली नाही. बाईंना तेव्हा तिचा फार अभिमान वाटला होता.

आणि एका शनिवारी दुपारी कॉलेजातली एक मुलगी दुकानात आली.

"आजी, नाचासाठी घागरा हवाय. लाल मखमलीचाच."

"या उकाड्यात मखमल? घामानं भिजून जाशील."

"पण गाण्यातच आहे ना!"

"त्या गाण्यात मखमल कुठली आली? दोन कडवी आहेत. दोन्ही मला पाठ आहेत, दुर्दैवानं."

"तिसरंही आहे, आजी. गीतकाराची जुनी टेप सापडली, त्यात त्यांनी स्वतः म्हटलंय. नाटकात घेतलं नव्हतं. गाणं लांबत होतं म्हणे."

हे मात्र बाईंना पटलं. गाणं पडद्यापुढे उभं राहून म्हणायचं होतं. तेवढ्यात मागे दिवाणखान्याचा सेट काढून स्टेशनचा लावायचा, आणि स्टेशन लागलं की सुतार आतून दोनदा ठोकायचा. ठोकलं की गाणं आवरायचं. सुतार चपळ होते, दोन कडव्यांत स्टेशन उभं राहायचं.

पोरीनं फोन काढून गाणं पुढे सरकवलं. जरा वेळ ढोल थांबले.

दाराच्या फटीत मखमल लाल,
पायरीवरून का फिरले पाऊल?

मग पुन्हा ढोल, आणि "मखमल लाल, मखमल लाल" असा एकच गिल्ला. पोरगी तिथल्या तिथे दोन पावलं नाचून दाखवत म्हणाली, "आम्ही इथे गोल फिरतो. घेर मोठा ठेवा हं."

बाईंनी माप घेतलं. कंबर, उंची, घेर. बोटं आपोआप चालत होती. पोरगी गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

त्या घराचं दार लोटलं की त्याला आपोआप कुलूप लागायचं. किल्ली तर खिळ्याला. म्हणून तो गेल्यावर रोज रात्री मुलगी निजली की बाई कंपनीच्या जुन्या पडद्याचा लाल मखमली तुकडा दुमडून दाराच्या फटीत घालायच्या; दार मग नुसतं टेकून राहायचं. उजाडायच्या आत काढून घ्यायच्या, शेजारणींना दिसू नये म्हणून. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाला ते गाणं ऐकलं आणि त्यांच्या अंगाची आग आग झाली: हा समजतो कोण स्वतःला, मी याची वाट पाहीन? त्या रात्री तुकडा चुलीत गेला आणि दाराला कुलूप लागलं.

म्हणजे तो अंदाजानं बोलत नव्हता. तो आला होता. पायरीपर्यंत आला, मखमल पाहिली, तिचा अर्थही त्याला नीट कळला. एक बोट लावलं असतं तरी दार उघडलं असतं. बाईंना वाटलं, आपल्याला राग येईल. पण राग आला नाही.

संध्याकाळी बाईंची मुलगी आली. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि सुटली की आईला घरी न्यायला यायची. तिच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं. समोर सलूनमध्ये गाणं चालूच होतं.

"काय एकेक सुचतं या लोकांना," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "दाराच्या फटीत मखमल! कोण ठेवतं?"

"नाही" म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं तेच म्हटलं होतं. पण या वेळी ओठांत टाचणी नव्हती.

"मी ठेवत होते," बाई म्हणाल्या.

मुलगी खाली बसली.

"म्हणजे ते आले होते?"

"आला होता. मला आजच कळलं. दारापर्यंत आला, आणि दार ढकलायचं सोडून गाण्याचं कडवं घेऊन गेला मेला." बाई कडवट हसल्या. "आणि तेही कडवं नाटकात घेतलं नाही. लांबत होतं म्हणे."

मुलगी हसली नाही.

"तू मला सांगितलंस, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही."

"मला तेवढंच ठाऊक होतं गं."

"आणि तू वाट पाहत होतीस ते? ते तर ठाऊक होतं ना?" मुलीचा आवाज चिरकला. "एवढं सांगितलं असतंस तरी मी गेले असते, आई. ते वारले तेव्हा मी गेले असते."

समोर सलूनमध्ये गाणं संपलं आणि कुणीतरी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.