दर्भाचा कावळा

भडगावला गिरणेच्या काठी मी इतके दहावे केले, की तिथले कावळे मला ओळखत असतील. पिंड मांडला की सगळे हात जोडून बसतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते घरच्यांनी ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा.

त्या दिवशी नानांच्या बायकोचा दहावा होता. कावळे बाभळीवर होते, खाली एकही येईना. दीर म्हणाला, "वहिनी, मळा विकणार नाही." कुणी नातवाच्या शिक्षणाचं बोललं. छे! अहो, जीव कशात होता ते अख्ख्या भावकीला ठाऊक होतं. मुलीनं मनानं लग्न केलं म्हणून नानांनी तिला घराचं दार बंद केलं, आणि आई तिच्यासाठी झुरून गेली. ती मुलगी तिथंच, बाभळीखाली एकटी उभी होती.

मी मुद्दाम गप्प बसलो. त्या शांततेत माणसं शेवटी बोलतात. नाना मुलीकडे बघत होते, त्यांचे ओठ हलायला लागले होते.

तेवढ्यात पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलानं मोबाईल काढला. आईचे जुने व्हॉइस मेसेज घालून त्यानं एआयकडून तिचा आवाज बनवून घेतला होता, विचारलं की उत्तर देणारा. "नाना, तिलाच विचारा ना."

नाना मोबाईलवर वाकले. "पोरले घर येऊ देवू का वं?"

"तुम्ही घ्याल तो निर्णय योग्यच असेल. माझी कुठलीच इच्छा राहिलेली नाही."

आवाज हुबेहूब. पण बोलणं? त्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं एक म्हणणं वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं! नाना ढसाढसा रडले, डोळे पुसले आणि म्हणाले, "गुरुजी, उरका आता."

असा संताप झाला माझा! पण ओरडू कुणावर? कावळा शिवला नाही की दर्भाचा कावळा करून पिंडाला लावणारा मीच. फक्त मी तो सगळ्यांचं बोलून झाल्यावर करतो, आधी नाही.

केला कावळा, लावला पिंडाला. फार वाईट वाटत होतं.

मंडळी गाडीकडे गेल्यावर मुलगी जवळ आली. मोबाईलचा आवाज बाभळीपर्यंत पोहोचला नव्हता, काय बोलणं झालं तेवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "गुरुजी, मनी माय खरंच असं बोलनी का?"

"नाही गं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "तरी भाऊले सांगा ना, एक डाव माले ऐकू दे म्हना. किती वरीस व्हयनात, मायना आवाज ऐकेल नही."

मी वळून हाक मारली, तोवर गाडी रस्त्याला लागली होती.